साडेसहाचे कोरडे मोजे

सोमवारी सकाळी साडेसहाने नऊ गुण दिले आणि सगळ्या ट्रॅकवर एकच गोंधळ उडाला.

साडेसहा हे काही तिचं खरं नाव नव्हे. असलं नाव आईवडिलांनी ठेवलं असतं तर तिने शाळेत असतानाच घर सोडलं असतं. टायर बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी-ट्रॅकवर ती गाडी चालवायची आणि ओल्या रस्त्यावर टायर कसा वागतो याला दहापैकी गुण द्यायची. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते हे यंत्र सांगतं. पण वळणावर टायर भरवशाचा वाटतो की दगाबाज, निसटायच्या आधी दोन शब्द बोलतो की न सांगता काढता पाय घेतो, हे सांगणारं यंत्र तिथे नव्हतं. ते माणसालाच कळतं, आणि खरं सांगायचं तर माणसाच्या बुडाला कळतं. सीटमधून, पावलांतून, तळहातांतून जे वर येतं त्याचा एक आकडा करायचा, ही तिची नोकरी. या कामात तिचा हात इतका आखडता होता की नोकरीला लागल्यापासून साडेसहाच्या वर ती कधी गेलीच नव्हती. तिच्याकडून पाच मिळाले तरी लोक चहा पाजायचे.

आणि आता हा टायर. बारमाही. म्हणजे उन्हात तापलेल्या रस्त्यावर त्याने मऊ पडायचं नाही, थंडीत दगड व्हायचं नाही, पावसात घसरायचं नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण हा बारमाही असून वर चपळही हवा होता, जोरात पळवणाऱ्यांसाठी. असा टायर मागणं म्हणजे कमावता, देखणा, भांडी घासणारा आणि सासूचं ऐकणारा जावई मागण्यासारखंच. चपळ टायर रुंद असतो. रुंद टायर कोरड्यात रस्त्याला छान धरतो, पण साचलेल्या पाण्यात त्याची होडी व्हायला वेळ लागत नाही. चाकाखालचं पाणी वेळेवर बाहेर पडलं नाही की टायर त्या पाण्यावर चढून बसतो, रस्ता राहतो खाली, आणि स्टिअरिंग फिरवणारा नुसताच चक्र फिरवत बसतो. पाणी बाहेर काढायचं काम टायरवरच्या खाचांचं. त्या खाचा आखता आखता ज्यांच्या डोक्यावरचे केस गेले, त्या डिझायनरना सगळे खाचमास्तर म्हणत.

तर सोमवारी पहिली फेरी संपली आणि खाचमास्तरांच्या वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला.

"नऊ."

"किती?"

"नऊ, मास्तर."

"सहा म्हणालीस का?"

"नऊ! सहा नाही, साडेसहा नाही, नऊ. पटकन लिहून घ्या, नाहीतर परत घेईन."

मास्तर हातातला कप तसाच घेऊन धावत ट्रॅकवर आले. त्यांनी आधी टायरला हात लावला, मग हात कमी पडला म्हणून गुडघ्यांवर बसून टायरला मिठीच मारली. शर्टावर काळा पट्टा उमटला. तो त्यांनी दिवसभर मिरवला, आणि विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही त्याचा इतिहास सांगितला.

फेरी होतीच तशी. लांब वळणावर ती नेहमीपेक्षा वेगात घुसली, म्हटलं बघू या, आणि गाडी रुळावरून जावी तशी गेली. स्टिअरिंग हातात भरीव. मागची चाकं आज्ञाधारक. चाकांच्या वर, पत्र्याखाली, पाण्याचा जो घों घों आवाज होतो तोही जवळजवळ नाही. ती गाडीतल्या गाडीत ओरडली, स्वतःशीच हसली, आणि दुसऱ्या फेरीत गाणं म्हणायला लागली. तिला गाणं येत नाही. वॉकीटॉकीचं बटण दाबलेलं राहिलं असल्यामुळे ही गोष्ट त्या दिवशी सगळ्यांना कळली.

आता यात एक भानगड होती. फेरीला निघायच्या अगदी आधी एकाने तिला लग्नाचं विचारलं होतं.

तो एक म्हणजे पाणीवाला. या ट्रॅकवर पाऊस ढगातून येत नाही, नळातून येतो. रस्त्याच्या कडेने फवारे बसवलेले, ते सगळे एका पंपघरातून चालतात, आणि पंपघरात एक मोठा लाल व्हॉल्व्ह आहे. तो व्हॉल्व्ह ज्याच्या हातात, तो पाणीवाला. रस्त्यावर पाणी रोज सारख्याच खोलीचं राहिलं पाहिजे, नाहीतर आजच्या टायरची कालच्या टायरशी तुलना कशी करणार? पाणी सोडायचं त्यानेच आणि पट्टी लावून खोली मोजायचीही त्यानेच. फेरीच्या आधी ती वॉकीटॉकीवर विचारणार, "पाणी?" तो सांगणार, "पूर्ण." हे झाल्याशिवाय क्लच सोडायचा नाही, असा नियम होता.

माणूस उंच, मान जरा पुढे काढून चालणारा, बोलायला कंजूष. पण पंपघरात त्याने केलेला चहा झकास असायचा, आणि तिचं म्हणणं न तोडता शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्याला सवय होती. तिच्या आयुष्यात असा दुसरा माणूस नव्हता. टायर बदलायच्या शेडपासून पंपघराकडे जायला एक लांबची कोरडी वाट होती. ती मात्र चहासाठी सरळ ओला ट्रॅक तुडवत जायची. पायांत कॅनव्हासचे जुने बूट, सोल इतका झिजलेला की खाली पडलेलं नाणं छापा की काटा तेही कळावं. पातळ सोलमुळे पेडल नीट कळतं, असं तिचं म्हणणं. पातळ सोलमुळे मोजे रोज भिजतात आणि दोरीवर जागा उरत नाही, असं तिच्या आईचं म्हणणं.

सोमवारी तो पंपाचा नट आवळत होता. वर न बघता म्हणाला, "एक विचारू?"

"विचार की."

"आपण लग्न करू या का?"

पाना खाली पडला. त्याच्याच हातातून. पुढचं अर्धं मिनिट दोघेही पान्याकडे बघत राहिले. तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालतो, पण ऐन वेळी पट्टा तुटला. हो म्हणायचं होतं, अगदी ओठांवर होतं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"फेरी मारून सांगते," ती म्हणाली आणि पळाली.

ती फेरी म्हणजेच ती नऊवाली.

फेरी मारून झाली, पण सांगायचं राहिलं. आधी मास्तरांचा धिंगाणा, मग अभिनंदनं, मग पुन्हा फेऱ्या. मंगळवारी पुन्हा नऊ. बुधवारी साडेनऊ, तेव्हा तर खाचमास्तरांना खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. पाणीवाला रोज तिच्याकडे बघायचा, ती रोज लाजून चहा ओतायची, बहुतेक वेळा कपाच्या बाहेर. तिचे पाय जमिनीवर नव्हते. गुरुवारी सकाळी दात घासताना आरशातल्या स्वतःकडे बघून ती हसली, आणि फेस गळ्यावर ओघळत असतानाच एक विचार तिच्या डोक्यात आला.

हा नऊ आपण टायरला दिला की त्याला?

ब्रश तोंडात तसाच राहिला. आनंदात असलेल्या माणसाला सगळंच गोड लागतं. त्या सोमवारी कुणी तिला बैलगाडीचं लाकडी चाक लावून दिलं असतं तर तिने त्यालाही आठ दिले असते. आणि या नऊवर काय काय अवलंबून होतं! शुक्रवारी संध्याकाळी मास्तर खाचांचा आराखडा साचा बनवायला पाठवणार होते. एकदा पोलादात साचा कापला गेला की झालं, मग त्यातून हजारो टायर निघणार, हजारो गाड्यांना लागणार, आणि भर पावसात कुणीतरी आपल्या पोराबाळांना मागे बसवून, हा टायर पाण्यात पक्का आहे म्हणून, निर्धास्त वळण घेणार. का? तर साडेसहाला सोमवारी गुदगुल्या होत होत्या म्हणून. गुण देण्यातला चिकटपणा हीच तिची सगळी कमाई होती. तिच्या बुडावरचा विश्वास उडाला तर तिला दुसरं काही येत नव्हतं, गाणं तर नाहीच.

गुरुवारी तिने मन घट्ट केलं. चेहरा खडूस केला, त्याच्याकडे बघितलंच नाही, गाडीत बसल्यावर मुद्दाम दातांच्या डॉक्टरची आठवण काढली. फेरी मारली. पुन्हा नऊ. टायर तस्साच, रुळावरून जाणारा. ती गाडीतून उतरली ती रडकुंडीला येऊन. म्हणजे दातांचा डॉक्टरही प्रेमापुढे हरला होता.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली. आई समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या आईला टायरमधलं ओ की ठो कळत नाही. मुलगी गाडी चालवते आणि त्याचे पैसे मिळतात, एवढं तिला पुरेसं होतं.

"काय गं, तुमचं ते पाण्यातलं काम बंद आहे का सध्या?" आईने विचारलं.

"नाही गं. रोज चालू आहे. का?"

"मग मोजे कुठेत?"

"पायात."

"तेच म्हणतेय मी. आठवडाभर दोरीवर एक मोजा नाही. एरवी घरभर ओल्या मोज्यांचा वास. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली, चांगले बूट घेतले."

"छे, तेच बूट आहेत," ती म्हणाली, आणि घास तोंडाजवळ थांबला.

तेच बूट. तोच ट्रॅक. रोज चहाला तीच जायची, तेच पाणी तुडवत. आणि मोजे कोरडे. तिने टेबलाखाली वाकून पायांकडे बघितलं. दिवसभर घातलेले मोजे, खमंग वासाचे, पण कोरडे ठणठणीत. मागच्या आठवड्यात, तुलनेसाठी ठेवलेल्या जुन्या टायरवर फेऱ्या मारल्या तेव्हा हेच मोजे पिळून बादलीभर पाणी निघालं होतं. आणि मग तिला वॉकीटॉकी आठवला. सोमवारपासून ती रोज विचारत होती, "पाणी?" आणि तो सांगत होता, "आहे." पूर्ण नाही. आहे. एवढ्या चार दिवसांत तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, कारण तेव्हा तिचे कान शब्दांकडे नव्हते, आवाजाकडे होते.

"आई!" ती एकदम उठली आणि तिने आईचा गालगुच्चा घेतला. "मी बरोबर होते गं! माझं बूड शाबूत आहे!"

"आधी ते खाली टेक आणि जेव," आई म्हणाली.

ती जेवली, पण कशी जेवली ते विचारू नका. एका घासाला हसू येत होतं, दुसऱ्या घासाला संताप. आपण चुकलो नाही याचा आनंद इतका की नाचावंसं वाटत होतं, आणि ज्याने ही चूक केली त्याचा गळा धरावासा वाटत होता. आणि तोच गळा मिठी मारायलाही हवा होता, ही खरी पंचाईत.

शुक्रवारी सकाळी फवारे सुरू झाल्या झाल्या ती ट्रॅकवर उतरली. मुद्दाम सावकाश, पाय घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत ती पंपघरात आली. तो चहाचं आधण ठेवत होता. तिने स्टुलावर बसून बूट काढला, मोजा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"पीळ," ती म्हणाली.

"काय?"

"मोजा आहे. पीळ."

त्याने बिचाऱ्याने पिळला. दोन्ही हातांनी, जोर लावून, कपाळावर आठ्या आणून पिळला. एक थेंब पडला नाही. पिळता पिळता त्याचा चेहरा उतरत गेला, आणि शेवटी तो मोजा हातात धरून नुसता उभा राहिला.

"किती फिरवलास?" तिने व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं.

"थोडासाच."

"का?"

त्याने मोज्याची घडी घातली. मग एकदम बोलायला लागला आणि थांबेचना. "मागे तो एक नवा टायर आला होता, आठवतो? त्याच्यावर तू गरगर फिरलीस, आणि इथे, या भिंतीपासून हातभर अंतरावर येऊन थांबलीस. तू काच खाली करून हसत होतीस. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग या सोमवारी मी तुला विचारलं. तू म्हणालीस, फेरी मारून सांगते. आणि टायर पुन्हा नवा! कसा निघेल कुणाला माहीत? मला उत्तर पाहिजे होतं गं. तू परत यायला पाहिजे होतीस. हात आपोआप गेला व्हॉल्व्हवर. मंगळवारी पूर्ण सोडणार होतो, शपथ घेऊन सांगतो. पण मंगळवारीही तू उत्तर दिलं नाहीस."

"म्हणजे माझंच चुकलं!"

"तसं नाही म्हणत मी. पण दिलं असतंस, तर..."

तिला हसू आलं. तिने ते गालाच्या आत दाबून धरलं, कारण रागवायचं अजून बाकी होतं. "आणि बाहेर रस्त्यावर जो पाऊस पडतो," ती म्हणाली, "त्याचा व्हॉल्व्ह कोण कमी करणार? तिथे कोण उभं राहणार आहे चहाचं आधण ठेवून? त्या टायरवर लोक बसणार आहेत. माझ्या नऊवर विसंबून."

तो खाली बसला. इतका उंच माणूस बसल्यावर इतका लहान दिसतो, हे तिला माहीत नव्हतं.

"मास्तरांना मी सांगतो," तो म्हणाला. "तू नको सांगूस. मी केलंय, मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. खाचमास्तरांच्या अंगावर अजून सोमवारचाच शर्ट होता, काळ्या पट्ट्याचा. ऐकता ऐकता त्यांनी त्या पट्ट्यावर हात ठेवला. ते ओरडतील, पाणीवाल्याला तिथल्या तिथे घरी पाठवतील, असं तिला वाटत होतं. मास्तर मोठ्ठा निःश्वास सोडून म्हणाले, "वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"अगं, सोमवारपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. नऊचा टायर माझ्या हातून निघणारच नाही, मला माहीत आहे ना! मी स्वतःला ओळखतो. कडेची खाच अरुंद ठेवली होती मी, कोरड्यात जास्त पकड मिळावी म्हणून. पाणी तुंबणार तर तिथेच तुंबणार. आणि तू येऊन नऊ म्हणतेस! आनंद झाला गं, पण रोज वाटायचं की दुसऱ्याच्या ताटातलं जेवतोय." मग ते पाणीवाल्याकडे वळले. "आणि तुझ्याबद्दल मला वर कळवावं लागणार. यापुढे खोली मोजायला तुझ्याबरोबर दुसरा माणूस असेल. प्रेमात पडायचं तर पट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन पड."

"हो," पाणीवाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"चला, पूर्ण पाण्यात बघू," मास्तर म्हणाले.

व्हॉल्व्ह उघडायचा त्यानेच, असं तिने सांगितलं. त्याने उघडला, शेवटपर्यंत, हाताच्या शिरा फुगेपर्यंत. मास्तरांनी पट्टी लावली, मान डोलावली. तो पुन्हा पंपघराकडे निघाला तेव्हा तिने हाक मारली.

"तिकडे कुठे? गाडीत बस."

"मी?"

"तूच. कोणत्या पाण्यापासून मला वाचवत होतास ते जवळून बघ."

दोघे ट्रॅक तुडवत गाडीपर्यंत गेले. तिच्या बुटांत पाणी शिरलं, आणि गार पाण्याचा तो ओळखीचा स्पर्श इतका बरा वाटला की ती दोन ठिकाणी मुद्दाम जास्त खोल पाय टाकत गेली. त्याचेही बूट भरले. त्याने पट्टा बांधला, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

"डोळे उघड."

त्याने उघडले. ती निघाली.

पहिल्या सरळ रस्त्यावरच तो आवाज आला, चाकांच्या वर, पत्र्याखाली, पाण्याचा घों घों. आठवडाभर न भेटलेल्या मैत्रिणीचा आवाज ऐकावा तशी ती सुखावली. वेग वाढला तसं स्टिअरिंग हलकं होत गेलं, आणि एका क्षणी हातात काही उरलंच नाही. गाडी पाण्यावर चढली होती. पाणीवाल्याच्या तोंडून "अगगगग" असं काहीतरी निघालं. तिने पाय उचलला, काही केलं नाही, वाट बघितली. टायरने खाली चाचपडलं, रस्ता सापडला, धरला. "हं," ती म्हणाली, "लवकर तरंगतो. पण लवकर उतरतोही." मग लांब वळण. सोमवारच्याच वेगात ती आत घुसली, आणि गाडीचं नाक बाहेर, बाहेर, आणखी बाहेर जायला लागलं. पण टायर बोलत होता. तळहातांत बारीक थरथर येत होती, सुटतोय, सुटतोय, आता सुटतोय असं सांगणारी. दगाबाज नव्हता बिचारा. तिने थोडं सावरलं, आणि पुढच्या फेरीत, तो सगळी खबर देत असताना मुद्दाम ऐकलं नाही तर काय होतं ते बघायला, ती आणखी जोरात गेली.

तेच झालं. गाडी फिरली. पंपघर, शेड, मास्तर, पुन्हा पंपघर, पुन्हा मास्तर, सगळं काचेसमोरून गरगरा गेलं आणि गाडी उलट्या तोंडाने थांबली. टपावर फवारा ताडताड कोसळत होता. पाणीवाल्याचे दोन्ही हात अजून दांड्यावर, डोळे बशीएवढे.

"भीती वाटली?" तिने विचारलं.

"वाटली."

"खूप?"

"खूप." मग त्याच्या छातीतून एक विचित्र आवाज आला, आणि तिला कळेना तो रडतोय की काय. तो हसत होता. आजवर तिने त्याला नुसतं गालात हसताना पाहिलं होतं. हे म्हणजे पोट धरून, दांडा सोडून, डॅशबोर्डवर थापा मारून. "तू रोज हे करतेस?" तो म्हणाला. "यासाठी तुला पगार देतात? आणखी एक मार ना!"

त्या क्षणी ती त्याच्या इतकी प्रेमात पडली की गुण द्यायची सोय नव्हती.

तिने आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि मग आकडा सांगितला. "साडेसहा, मास्तर. वळणावर सांगून निसटतो, हे त्याचं चांगलं. पण साचलेल्या पाण्यात कडेला पाणी तुंबतं. खाच रुंद करा."

वॉकीटॉकीवर मास्तरांचा आवाज आला, आणि तो सोमवारपेक्षा जास्त खुशीत होता. "साडेसहा? पूर्ण पाण्यात? अगं, म्हणजे हा आपला सगळ्यात चांगला निघाला की! साचा थांबवतो. खाच रुंद करतो. सात घेतो तुझ्याकडून, बघच तू!" आणि ते खाचांकडे धावत सुटले. धावताना ट्रॅकवर घसरून बसलेसुद्धा, पण त्यांचे बूट कुठल्या कंपनीचे हे विचारायला त्या वेळी कुणाला सुचलं नाही.

पाणीवाला गाडीतून उतरला. उतरता उतरता थांबून म्हणाला, "आता तू पुन्हा एकटी जाशील."

"जाणारच. आठवडाभराच्या फेऱ्या पुन्हा मारायच्यात, आणि अर्धा दिवस शिल्लक आहे."

"मला भीती वाटेल."

"वाटू दे की. मी कुठे नको म्हणते? भीती वाटू दे आणि पाणी पूर्ण सोड. दोन्ही जमलं पाहिजे."

नव्या फेरीआधी फवारे बंद करायला तो पंपघरात गेला. तिने आरसा नीट केला, पट्टा आवळला, गाडी रेषेवर आणून उभी केली. पंपघराच्या दारातून तो दिसत होता, व्हॉल्व्हवर हात ठेवून, मान पुढे काढून. शेजारी पट्टी घेऊन शेडमधला मेकॅनिक. तिने बटण दाबलं.

"पाणी?"

पलीकडे बटण दाबलं गेलं. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. लाल चक्र हळूच फिरलं, उघडायच्या बाजूला, शेवटपर्यंत.

"पूर्ण," तो म्हणाला. आवाज कापरा होता, पण शब्द तोच होता.

"ऐकू नाही आलं."

"पूर्ण!"

"मग माझंही हो," ती म्हणाली. "सोमवारचं."

तिने क्लच सोडला आणि गाडी पाण्यात घातली. वॉकीटॉकीवर मेकॅनिकची शिट्टी ऐकू आली, आणि खाचमास्तर मध्येच, "हो कशाला? कुणाला? टायरला का?" असं विचारत राहिले. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, कारण साडेसहा पुन्हा गायला लागली होती.

संध्याकाळी आई कपडे काढायला गॅलरीत गेली. दोरीवर मोजे होते. ओले, टपटप गळणारे, खाली छोटं डबकं केलेले. आईला हायसं वाटलं. घराला पुन्हा नेहमीचा वास येणार म्हणून कपाळाला आठीही पडली. मग तिने नीट बघितलं. मुलीच्या मोज्यांच्या शेजारी आणखी एक जोडी होती, तितकीच ओली, पण भलत्या लांबीची.

आईने त्यातला एक मोजा हातात घेतला, वर धरला, आपल्या कोपरापासून बोटांपर्यंत मापून बघितला. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. एक मुलीचा, आणि एक जाडा, सवय नसल्यासारखा.

तिने तो मोजा नीट पिळला. बरंच पाणी निघालं. मग झटकून, दोन चिमटे लावून, मुलीच्या मोज्याला लागून पुन्हा वाळत घातला आणि आत डोकावून विचारलं, "ज्याचे कुणाचे आहेत ते जेवून जाणार ना?"